ओहोटीचा उतार

ऑक्टोबरचं ऊन चारकोपच्या सेक्टरांवर उतरलं की आधी वास जागे होतात. चार महिने दमट राहिलेल्या गाद्या खिडक्यांच्या ग्रिलवर पालथ्या पडतात, त्यांचा एक वास. कपाटातून बाहेर काढलेल्या, हिरवी बुरशी धरलेल्या चामडी पट्ट्याचा एक. नाक्यावर ओतलेल्या झेंडूचा, आणि वारा खाडीवरून असला तर वाळत घातलेल्या मासळीचा. पूर्वी हा शेवटचा वास आला की मी उठून खिडकी लावायचो. हल्ली मी बाबांना विचारतो, आज तिथी काय?

आमच्या घरात तिथी दोनच कारणांसाठी बघितली जाते. आईला उपासासाठी आणि बाबांना उतारासाठी. उताराचं सांगायचं तर सायकलपासून सुरुवात करायला हवी, आणि सायकलचं सांगायचं तर माझ्या अकलेपासून.

तर मी एक डाउनहिल सायकल घेतली होती. सेकंडहँड, पण दिसायला अशी दणकट की पार्किंगमध्ये उभी केली तर शेजारची स्कूटर बिचारी वाटावी. पुढे मोटारसायकलला शोभतील असे दोन जाडजूड शॉकअप, मागे मनगटाएवढी स्प्रिंग, आणि सीट इतकी खाली की मी पहिल्यांदा बसलो तेव्हा आई म्हणाली, "शी! कसो बसलंस तो!" डोंगराच्या माथ्यावरून दगडधोंड्यांतून खाली सुटायचं, एवढ्या एकाच कामासाठी ही सायकल बनवलेली असते. चारकोपला डोंगर नाही. चारकोपला जे काही उंच आहे त्याला लिफ्ट आहे. इथे रस्त्यावर लिंबू पडलं तर ते पडल्या जागी विचार करत बसतं. अशा गावात मी डोंगर उतरायची सायकल आणली आणि आठवडाभर सोसायटीच्या गेटपाशी, पार्किंगमधून रस्त्यावर यायला जो वीतभर उंचवटा केलाय, त्यावरून खाली-वर केलं. वॉचमन रोज उठून उभा राहायचा. मला वाटायचं, आदराने. तो गेट वाचवायला उभा राहत होता.

खाली यायचं तर आधी वर जावं लागतं, ही गोष्ट मला सायकल घेतल्यावर कळली. अर्धा वापरलेला गॅस सिलिंडर जेवढा जड, तेवढी ती जड. पायडल मारत तिच्यावरून चढ चढणं म्हणजे सिलिंडर पाठीवर घेऊन जिना चढणं. म्हणून मी एक टेम्पो केला, कर्जतच्या बाजूची एक टेकडी गाठली, टेम्पोवाल्याला वर थांब म्हटलं आणि सुटलो. पहिल्या वळणाला मी वळलो, सायकल सरळ गेली. खांद्याचं हाड मोडलं. दोघांना न्यायला बाबा दवाखान्यात आले. माझे बाबा जन्मभर टर्नर. चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात लेथवर उभे असायचे. त्यांनी आधी सायकलचं पुढचं चाक उचललं, फिरवलं, कान लावून ऐकलं, आणि मग माझ्याकडे वळून डॉक्टरांना म्हणाले, "तिका काय झालेला नाय."

हात गळ्यात अडकवून मी घरी बसलो. सायकल जिन्याखाली बसली. एक दिवस बाबा म्हणाले, "चाका फिरती ठेवूक होयी. नायतर बेअरिंग धरता." मी मोबाइलमधून मान वर न काढता म्हटलं, "मग फिरवा." या दोन शब्दांवर पुढे काय काय उभं राहिलं याचा मला दोन वर्षं पत्ता नव्हता.

हाड जुळलं. हौस मात्र जुळली नाही. ती दुसऱ्याच सायकलवर गेली. कमी वजनाची, शॉकअप माफक, आणि मुख्य म्हणजे जी चढही चढते. अंधेरीच्या एका दुकानात ती टांगलेली होती. मी दर शनिवारी जाऊन तिच्या सीटवरून हात फिरवून यायचो. दुकानदार आधी चहा विचारायचा, मग नुसती मान हलवायचा, मग तेही बंद झालं. जुनी विकल्याशिवाय नवी परवडत नव्हती. म्हणून त्या ऑक्टोबरात, ऊन असंच भाजत असताना, मी जाहिरात टाकली. "डाउनहिल सायकल. एकहाती. क्वचित वापर." फोटोसाठी तिला काथ्याने घासली आणि चकाकी यावी म्हणून खोबरेल चोळलं. फोटो झकास आले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या सेक्टरची धूळ तिच्यावर बसली आणि ती बेसनात घोळवल्यासारखी दिसू लागली.

फोन आले. एकाने हॅलोसुद्धा न म्हणता "लास्ट बोल" म्हटलं. एकाने बदल्यात कूलर देतो म्हणून सांगितलं, वर माशांची टाकी. मग मुलुंडहून प्रज्ञाचा फोन आला. बँकेत होती, सायकलचं तिला खरंच कळत होतं. तिने मागच्या शॉकअपबद्दल असे प्रश्न विचारले की मी "आवाज कट होतोय" म्हणत दोनदा फोन ठेवला. "दादा, दसऱ्याला सुट्टी आहे, तेव्हा येऊ?" तिने विचारलं. मला तर आनंदच झाला. दसरा म्हणजे खरेदीचा मुहूर्त, गिऱ्हाईक घासाघीस करणार नाही, असा माझा हिशोब. घेणाऱ्याचा मुहूर्त तो विकणाऱ्याचा नसतो, हे कोकणातल्या आईच्या पोटी जन्मून माझ्या लक्षात राहायला हवं होतं.

दसऱ्याच्या सकाळी मी खाली गेलो तर सायकल नटलेली. हँडलला झेंडूचा हार, दोन्ही शॉकअपना हळदीकुंकू, टायरवर अक्षता. शेजारी पाटावर बाबांचा व्हर्निअर, आईची विळी आणि माझा लॅपटॉप, त्यालाही गंध. दुपारी बाराच्या उन्हात प्रज्ञा आली. पांढराशुभ्र कुर्ता. "सकाळी विहारात जाऊन तशीच आले," ती म्हणाली, "ग्रीस लागलं तर मम्मी मारेल." मी सायकल पुढे केली तशी आई आरतीचं ताट घेऊनच मध्ये उभी राहिली.

"आत्ता पूजा झाली तिची. आज ती घराभायर जावची नाय."

"काकू, पण मला आजच घ्यायचीय. मुहूर्त आहे ना."

"तुजो मुहूर्त आसा गो, आमचो नाय. बघ, फिरव, जेव. न्हेवची उद्या."

प्रज्ञाने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. आईने ताट माझ्या हातात दिलं, म्हणजे विषय संपला.

मग प्रज्ञा उकिडवी बसून सायकल तपासू लागली. मागच्या स्प्रिंगखाली बोट घालून तिने काहीतरी काढलं. नखाएवढं, गोल, पारदर्शक. उन्हात चमकलं.

"हे काय?"

"लॅकर असेल," मी म्हटलं. "इंपोर्टेड फ्रेम आहे ना. उन्हाने पापुद्रा सुटतो."

तिने ते नाकाशी नेलं. "दादा, खवला आहे. तारलीचा वाटतोय."

"मुलुंडला काय कळतंय तारलीतलं!"

"मुलुंडला पण मासे खातात, यार." तिने टायरवरून तळवा फिरवला. "आणि हा बघ, मधोमध घासलाय. रोज डांबरावर चाललाय. ब्रेक पण खाल्लेत. क्वचित वापर लिहिलंयस तू."

मी तडक वॉचमनकडे मोर्चा वळवला. माझ्या माघारी सायकल कोण पळवतं, असं जरा आवाज चढवूनच विचारलं. तो खुर्चीतून उठला नाही. त्याने फक्त बोट वर केलं, आमच्या गॅलरीकडे. गॅलरीत बाबा टॉवेल वाळत घालत होते. त्यांनी टॉवेलाला चिमटा लावला, आणि वरूनच, मला नाही, प्रज्ञाला म्हणाले, "ट्रायल घेवची आसली तर मार्व्याक जावा. आज दशमी, दोनाच्या सुमाराक ओहोटी. उतार बरो गावतलो."

सायकलच्या उताराचा आणि ओहोटीचा काय संबंध, हे मी आईला विचारलं. ती श्रीखंड घोटत होती. "तुका खराच म्हायत नाय?" ती म्हणाली. "तू आठाक उठतंस. ताजी मासळी घरात काय पंख लावन येता?"

जेवणं झाली. बाबा म्हणाले, तुम्ही रिक्षाने या, मी सायकल घेऊन येतो. एवढं बोलून त्यांनी पँटची उजवी मोहरी मोज्यात खोचली आणि हारासकट निघाले. त्या वर्षी पावसानंतर आमच्याकडचे सगळे रस्ते पाइप टाकायला खणून ठेवले होते. रिक्षात आमची डोकी छतावर आपटत होती आणि पुढे बाबा, सत्तरी ओलांडलेला माणूस, खड्डा आला की पायडलवर जरासे उभे राहत, गुडघे सैल सोडत, आणि सायकल तो खड्डा गिळून टाकत होती. बाबांचं डोकं एका उंचीवर, जणू कोणी दोरीवरून ओढत नेतंय. ज्या दगडधोंड्यांसाठी ती बनली होती ते तिला सापडले होते, फक्त डोंगराशिवाय. "अंकल एक नंबर चलाते हैं," रिक्षावाला म्हणाला. "रोज दिखते हैं." रिक्षावाल्यालाही माहीत होतं.

मार्वेची जेट्टी म्हणजे मनोरीला जाणाऱ्या बोटीसाठी पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार. भरतीला त्याचा वरचा तुकडाच दिसतो. ओहोटी लागली की पाणी मागे मागे सरकतं आणि उतार खालून उगवत येतो. सपाट मुलखात माझ्या बाबांनी समुद्राकडून रोज थोडा डोंगर उधार घेतला होता. अमावास्या-पुनवेला पहाटे तो सगळ्यात लांब मिळतो, म्हणून त्या दिवसांत ते अंधारात घर सोडायचे. मी मित्रांना सांगायचो की बाबा हल्ली फार धार्मिक झालेत, अमावास्या-पौर्णिमा चुकवत नाहीत.

टोपली घेऊन बसलेली एक कोळीण त्यांना बघून हसली. "काय भाऊ, आज दुपारचे?"

"पावणे आसत."

"ए, बाजूला व्हा रे, भाऊ आले!" तिने तिकिटाच्या रांगेला हाक दिली, आणि रांग सवयीने बाजूला झाली. कोणी हसलं नाही, कोणी मोबाइल काढला नाही. हे रोजचंच होतं. नवखा मी एकटा होतो.

बाबा माथ्यावर थांबले. चष्मा काढून खिशात ठेवला. मग ब्रेक सोडले. सुरुवातीला ती संथ निघाली, मग जड सायकल जसा वेग धरते तसा धरला. काँक्रीटच्या सांध्यांवरून चाकं धडधड करत गेली, झेंडूच्या पाकळ्या मागे उडाल्या, शर्ट पाठीवर फुगला. बाबांनी दोन्ही कोपरं बाहेर काढली होती आणि ते खाली सुटले होते. जन्मभर मी त्यांना एका जागी उभं बघितलं होतं, लेथसमोर, लोखंड फिरणार आणि ते स्थिर. इतक्या वेगात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. पुढे शेवाळाची हिरवी रेघ होती, त्यापुढे पाणी. माझ्या तोंडून "बाबा!" निघालं तेवढ्यात सायकल थांबली. रेघेच्या अलीकडे, हातभर अंतरावर. त्यांनी पाय टेकवला, मागे वळून वर बघितलं, आणि हसले. ते हसू मला ओळखीचं वाटलं नाही. मी त्यांना ओळखण्याआधीचं असावं ते.

मग प्रज्ञा उतरली. तिला येत होतं, ती सुंदर उतरली, वर आली तेव्हा डोळे चमकत होते. "कडक आहे," ती म्हणाली. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात, "दादा, सायकल मला पाहिजे. पण ही नेली तर मी चोर वाटेन यार. तू काय ते आधी घरात ठरव ना. मी दोन बस बदलून आलेय."

बाबांनी ऐकलं होतं. "न्हे गो चेडवा," ते म्हणाले. "सायकल त्याची आसा. ह्येना फिरवा म्हटल्यान, मी फिरवलंय." आणि खिशातून रुमाल काढून ते सीट पुसू लागले. सावकाश, खालून, कडेने, दुसऱ्याच्या हवाली करायची वस्तू पुसतात तशी. प्रज्ञाने तोंड फिरवलं. मी तिथे अंधेरीच्या दुकानातली टांगलेली सायकल आठवायचा मनापासून प्रयत्न केला. ती आठवेना.

"बाबा, तुम्हीच ठेवा ही," मी म्हटलं. "मला नको पैसे."

त्यांनी रुमालाची घडी घातली. "फुकट नको माका. फुकट घेतलंय तर ती तुजीच रवतली. इकत घेतलंय, की माजी."

आयुष्यभर त्यांच्या हाताखाली जे जे फिरलं ते शेठचं होतं. मशीन शेठचं, टूल शेठचं, गाळ्यावर जायची सायकलसुद्धा शेठची, रविवारी परत करायची. मी फार मोठ्या मनाने त्यांना आणखी एक दुसऱ्याचीच वस्तू वापरायला देत होतो.

"बरं," मी म्हटलं. "विकत घ्या मग. काय देताय?"

बाबांचा चेहरा क्षणात बदलला. ते गिऱ्हाईक झाले. त्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली. प्रज्ञाने दिलेला भाव विचारला, आणि ऐकून तोंड वाकडं केलं.

"पुढच्या शॉकअपान त्याल सोडलाहा."

"तुम्हीच रोज जेट्टीवर आपटलीत म्हणून!"

"टायर मधीच घासलोहा. ब्रेक खाल्लेहत. स्प्रिंगेत खवले. आधीच्या मालकान नीट वापरूक नाय."

"आधीचा मालक मी आहे!"

"तेच म्हणतंय."

प्रज्ञा कठड्यावर चढून बसली होती. "काका, मी वर देते!" ती ओरडली. "दादा, मला दे, लगेच ट्रान्सफर करते!"

"तू गप गो! तुका कोणी इचारला?"

"मुहूर्त आहे माझा!"

"मुहूर्त माजोय आसा!"

कोळणीने माझी बाजू घेतली, रांगेतल्या दोघांनी बाबांची. शेवटी मी हरलो. प्रज्ञाच्या भावाच्या बराच खाली, खोबरेल चोळायचे कष्टसुद्धा निघाले नाहीत अशा किमतीला, मी माझी सायकल माझ्या बापाला विकली. बाबांनी हँडल हातात घेतलं आणि पहिल्यांदाच मला म्हणाले, "बाजूक हो जरा." आईला घरी येऊन सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "इकली पण घराभायर गेली नाय. देवान आयकला." दुसऱ्या दिवशी बाबांनी पाकीट दिलं, लग्नाच्या आहेरासारखं, वर एक रुपया.

प्रज्ञाला आईने डबा भरून वडे दिले. पुढे तिने दुसरी सायकल घेतली. अमावास्येच्या आदल्या दिवशी तिचा बाबांना मेसेज येतो, "काका, उद्या किती वाजता?" मला येत नाही.

अंधेरीची टांगलेली सायकल मला परवडली नाही. तिच्या एक पायरी खालची घेतली. तीही चढ चढते, असं पुस्तिकेत लिहिलंय. हलकी आहे, एका हाताने उचलते, पण आमच्या रस्त्यांवर ती प्रत्येक खड्डा मला नावानिशी सांगते. बाबांनी एकदा बसून बघितली. "बटर न्हय, खारी बिस्किट आसा. दाबला की चुरो," म्हणाले आणि उतरले. त्यांच्या सायकलला आता घंटी आहे, हँडलला मासळीची पिशवी अडकवायला त्यांनी स्वतः वळवलेला हूक आहे. सायकलचं कळणारा कोणीही ते बघून डोळे मिटून घेईल. मी मिटत नाही. जिन्याखाली दोन सायकली उभ्या असतात, आणि कुलूप एकीलाच आहे. त्यांच्या.

यंदाही गाद्या ग्रिलवर पडल्या, झेंडू आला, गेला. कोजागरीच्या रात्री आटवलेलं दूध पिऊन मी गजर लावून झोपलो, आणि पहाटे बाबांच्या मागोमाग निघालो. ते पुढे, खड्डे गिळत. मी मागे, मोजत. मार्वेला पोचलो तेव्हा मावळता चंद्र मनोरीच्या माडांवर टेकला होता आणि पाणी इतकं मागे गेलं होतं की उताराचं टोक दिसेना. असा लांब उतार मी पाहिला नव्हता. मी माझ्या हलक्या सायकलवरून खाली बघितलं आणि दोन्ही ब्रेक आवळून धरले. खांद्यातलं जुनं हाड कुरकुरलं.

"बाबा," मी म्हटलं, "एकदा तुमची देता का? एकच फेरी."

बाबा हँडल न सोडता माझ्याकडे बघत राहिले. वरून खालपर्यंत. मग चष्मा काढून खिशात ठेवता ठेवता, गिऱ्हाइकाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "असली सायकल आधी कधी चालवलंस काय रे?"

मी खरं ते सांगितलं.

"नाही, बाबा."